चौदा इंची भिंत

मी बसायचो त्या खोलीपासून माझी बायको बसायची त्या खोलीपर्यंतचं अंतर चौऱ्याण्णव पावलं होतं. दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत चौदा इंचांची होती. दोन्ही आकडे खरे आहेत, मी स्वतः मोजलेले आहेत. पावलं चपला घालून मोजली, भिंत पट्टीनं मोजली. तीस वर्षं शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवलेला माणूस मापात चुकत नाही. बाकी सगळीकडे चुकतो.

माझी नोकरी पुसदला, एका शाळेत. बायको महसूल खात्यात. लग्न झालं तेव्हा ती नायब तहसीलदार होती, पुढे बढत्या मिळत गेल्या आणि दर तीन वर्षांनी तिचं गाव बदलत गेलं. मी पुसद सोडलं नाही. आमचा संसार शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं संपायचा. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल जे काही वाटायचं ते आम्ही फार पूर्वीच बोलून मोकळे झालो होतो.

पण शनिवार मोठा असायचा. आठवडाभर ऑफिसात शुद्ध मराठी बोलून तिचं तोंड आंबून जायचं, म्हणून घरात पाय ठेवला की तिचं माहेरचं वऱ्हाडी सुरू व्हायचं. मी भाजी चिरायचो आणि ती पाटावर बसून आठवड्याभराचं सगळं सांगायची, नकला करून सांगायची. मला 'हं' म्हणण्यापलीकडे काही काम नसायचं. सोमवारी पिशवी उचलताना एक वाक्य ठरलेलं: "तुम्ही रिटायर झाले का मंग एका घरात राहू, बाप्पा. रोज."

त्या 'रोज'साठी मी तीन वर्षं आधी निवृत्ती घेतली. तेव्हा ती एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी, झाली होती, आणि जिल्ह्यातल्याच एका गावी तिला सरकारी बंगला मिळाला होता. पुसदच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं, माझा ड्रॉइंग बोर्ड टेम्पोत टाकला आणि पंचावन्नाव्या वर्षी मी सासरी निघाल्यासारखा निघालो.

बंगला साधारण माझ्याच वयाचा. मला नवीन जागेत गेलं की नकाशा काढल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन घरभर फिरलो आणि पाव इंचाला एक फूट या मापानं मोठ्या कागदावर सगळा बंगला उतरवला. फाटकातून आत मुरमाचा रस्ता, शेवटी पोर्च. तीन पायऱ्या चढून समोरचा व्हरांडा, तिथे लोकांना बसायला दोन लांब बाकं. व्हरांड्याच्या डाव्या हाताला बैठकीची खोली, उजव्या हाताला साहेबांचं निवासी कार्यालय. या दोन्हींच्या मधून घरात जाणारा बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी दोन फळ्यांचं जाडजूड सागवानी दार. त्या दारामागे खरं घर: जेवणाची खोली, निजायच्या दोन खोल्या, मागचा व्हरांडा, आणि अंगणापलीकडे वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर, मधे पत्र्याची झाकलेली वाट. कार्यालयाच्या पाठीला लागून एक आठ बाय दहाची सामानाची खोली होती. तिला एकच दार, निजायच्या खोलीतून.

नकाशा कागदावर आला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. घराचे दोन अर्धे होते आणि दोघांना जोडणारी जागा एकच होती, ते बोळाचं दार. त्याची कडी बाहेरच्या अंगाला, म्हणजे कार्यालयाच्या बाजूला होती. लोक यायला लागले की बंगल्यावरचा म्हातारा शिपाई ती कडी घालायचा. गावातल्या ऑफिसच्या इमारतीची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे मॅडमची बैठक तात्पुरती बंगल्यातच. म्हणजे सकाळी दहाला कडी लागायची ती संध्याकाळी सात-साडेसातला निघायची.

"दार उघडं ठेवलं का कोनी बी थेट सैपाकघरात येते, सर," शिपाई म्हणाला. "तीस साल झाले, पाहून राह्यलो मी."

"मग मला समोर जायचं असेल तर?"

"तुमी मांगून येजा ना. मांगचा व्हरांडा, हीर, लिंबाचं झाड, अन् कडेकडेनं पोर्चमंधी. काय दूर हाये?"

चौऱ्याण्णव पावलं दूर होतं.

मला 'सर' म्हणायचं हे त्यानंच ठरवलं होतं. बाकी कुणाला मला काय म्हणावं ते कळत नसे. साहेब म्हणावं तर साहेब ती. गावात माझं नाव 'मॅडमचे मिस्टर'. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला मॅडमचे मिस्टर म्हणायचे, आणि मी त्यांच्याकडे रागानं पाहत वांगी घ्यायचो. राग माझ्या नाकावर आहे हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, कुणीही सांगेल.

पण खरा राग मला त्या नकाशा काढणाऱ्याचा यायचा. कोण होता कुणास ठाऊक. त्याच्या डोळ्यांपुढे एक साहेब होता आणि त्याची बाई होती. साहेब पुढच्या अर्ध्यात न्यायनिवाडा करणार, बाई मागच्या अर्ध्यात राहणार, मागच्या व्हरांड्याला लावलेल्या लाकडी जाळीआडून अंगण पाहणार. साहेब कधी बाई असेल आणि बाई कधी निवृत्त ड्रॉइंग मास्तर असेल हे त्या बिचाऱ्याला कसं सुचणार? माझ्या वाट्याला बाईचा अर्धा आला. मी जाळीआड बसून चहा प्यायचो. लिंबावरच्या खारी मोजायचो. साहेबांच्या बायका इथे कशा दिवस काढत असतील हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला, आणि त्याचं उत्तर मला फारसं आवडलं नाही.

काही दिवसांनी मी सामानाची खोली रिकामी केली आणि भिंतीला लावून माझा ड्रॉइंग बोर्ड मांडला. खिडकी लहान, उजेड कमी, पंखा आवाज करणारा. तरी मी तीच निवडली, कारण त्या भिंतीपलीकडे ती होती. तिचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. समोरच्याला बसायला सांगतानाचा सूर, कुणी रडत असेल तर थांबण्याचा, कुणी हुज्जत घालत असेल तर खाली येणारा. फार गोड, फार सबुरीनं बोलायची. दिवसाकाठी चाळीस-पन्नास माणसं येऊन जायची, प्रत्येकाशी तशीच. मी इकडे पेन्सिलीला टोक काढत ऐकत बसायचो.

संध्याकाळी कडी निघायची आणि ती आत यायची. जेवायला बसली की डोळे मिटलेले. मी दिवसभरातलं काही सांगायला लागलो की म्हणायची, "हं." मग "बरं." मग "आपण नंतर बोलू." तेही शुद्ध मराठीत. वऱ्हाडी शब्द तिच्या तोंडून येईनासा झाला होता. मला वाटायचं, ती तिकडची भाषा अंगावरून उतरवायलासुद्धा थकली आहे. आणि कधी कधी, खोटं कशाला सांगू, मला वाटायचं की तिच्या दिवसात मी एक्कावन्नावा आहे आणि माझा नंबर यायच्या आधी ऑफिस बंद होतं.

बंगल्यावर भेटायला येणाऱ्यांची एक रीत होती. व्हरांड्यात शिपायाजवळ पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या असायच्या. येणाऱ्यानं त्यावर नाव, गाव आणि काम लिहायचं. शिपाई चिठ्ठ्या आत नेऊन द्यायचा, मॅडम प्रत्येकीवर दोन शब्दांचा शेरा मारायच्या आणि चिठ्ठी परत यायची. 'पाठवा', 'दुपारी', 'तलाठ्यासह यावे', असं.

एका दुपारी मला गंमत सुचली. चौऱ्याण्णव पावलं चालून मी समोर गेलो आणि बाकावर लोकांत बसलो. एक फेटेवाले आजोबा जरा सरकले. मी चिठ्ठी घेतली, माझं नाव लिहिलं. गाव: मागची खोली. काम: आज जेवणार कधी हे विचारणे. घडी घालून शिपायाच्या हातात दिली. तो वाचता येत असूनही न वाचता आत गेला, कारण इतरांच्या चिठ्ठ्या तो वाचत नसे.

पाच मिनिटांनी चिठ्ठी परत आली. खाली तिच्या अक्षरात, तिच्या त्या लपेटदार सहीसकट शेरा होता: 'कार्यालयात भेटावे.' म्हणजे आत्ता नाही, गावातलं ऑफिस उघडेल तेव्हा.

शिपायाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "सर, मॅडमनं हापिसात भेटाले सांगतलं," तो म्हणाला.

मी हसलो. बाकावरचे लोकही हसले असते, पण त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. चिठ्ठी खिशात घालून मी परत मागे गेलो, लिंबाखालून, विहिरीवरून. संध्याकाळी जेवताना ती तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिनं वाचली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी दिवसांनी तशी हसली.

"अहो, मी नावच वाचलं नाही," ती म्हणाली.

मीही तिच्याबरोबर हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी नावच वाचलं नाही. तिची चूक नव्हती, चाळीस चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी. तरी फार लागलं.

पावसाळ्याच्या आधी बांधकाम खात्याचे शाखा अभियंता बंगल्याची दुरुस्ती पाहायला आले. मॅडम बैठकीत, म्हणून बंगला दाखवायचं काम माझ्याकडे. मी त्यांना माझा नकाशा दाखवला तर ते खूशच झाले. "सर, असा नकाशा तर आमच्या ऑफिसातही नाही. ह्याची झेरॉक्स द्या मला." कुणीतरी माझं काम पाहून काहीतरी बोललं याला बरेच महिने झाले होते, त्यामुळे मी चहा मागवला, आणि चहा पिता पिता मनातली गोष्ट बोलून गेलो. नकाशावर सामानाची खोली आणि कार्यालय यांच्यामधल्या भिंतीत मी पेन्सिलीनं एक दार काढलेलं होतं, पावणेतीन फुटी, एका फळीचं. म्हटलं, एवढं बसवता येईल का?

त्यांनी भिंतीवर हातोडीची मूठ आपटली. इकडे आपटली, तिकडे आपटली. माझ्या टेबलामागे आवाज बदलला. पुन्हा आपटली. मग छिन्नीनं गिलाव्याचा एक पोपडा काढला, आणखी एक काढला. आत विटांची उभी सरळ कड दिसली, वर आडवी लाकडी तुळई.

"सर, इथं दार होतंच," ते म्हणाले. "नंतर बुजवलंय. तेही अर्ध्या विटेनं. साडेचार इंच फक्त."

मी मूर्खासारखा पाहत राहिलो. चौदा इंची भिंतीत एकच जागा साडेचार इंचांची होती आणि मी वर्षभर नेमका तिच्यापुढे टेबल मांडून बसलो होतो. तिचा आवाज मला म्हणून येत होता. त्या जुन्या नकाशावाल्याला मी मनातून माफ केलं. त्यानं दार ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी ती बातमी एखाद्या पोरानं बक्षीस मिळाल्याचं सांगावं तशी सांगितली. नवं काही करायचंच नाही, नुसत्या विटा काढायच्या, चौकट बसवायची. कडी तुझ्या बाजूला असू दे हवं तर. दुपारी लोक कमी झाले की दोन मिनिटं तू इकडे, नाहीतर मी तिकडे. एवढंच.

तिनं ताट बाजूला सारलं. "हे दार होणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"सीताफळांची पिशवी आठवते ना?"

आठवत होती. हिवाळ्याच्या तोंडावर एक गृहस्थ मागच्या फाटकानं आले होते, हातात सीताफळं. "सर, तुमी फक्त मॅडमच्या कानावर घाला, बाकी काई नाई." मी त्यांना पिशवीसकट फाटकाबाहेर काढलं होतं आणि मोठ्या फुशारकीनं तिला सांगितलं होतं. ऐकताना तिचा चेहरा उतरला होता, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

"तेव्हा मागच्या फाटकानं एक आला," ती म्हणाली. "माझ्या खुर्चीमागे दार उघडलं तर गावात काय बोलतील? मॅडम नुसत्या सह्या करतात, कारभार आतून मिस्टर पाहतात. एका बाईबद्दल हे बोलायला लोकांना दारसुद्धा लागत नाही. तुम्ही त्यांना दार करून देताय."

तिचं म्हणणं खरं होतं. ते खरं आहे हे मला तिथेच कळलं आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. "मग मी कुठल्या दारानं यायचं तुझ्याकडे? चिठ्ठी लिहून?"

ती उठली आणि हात धुवायला गेली. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर दुसऱ्या दिवशी तिनं शेरा मारला: 'दार आवश्यक नाही.' हा शेरा तिनं पूर्ण वाचून मारला होता.

भिंतीला गिलावा करायला कामगार चार दिवसांनी येणार होते. तोवर विटा उघड्या. शिपाई माझा चहा घेऊन आला तो त्या विटांकडे पाहत उभा राहिला.

"हे दार कुठल्या साहेबानं बुजवलं?" मी विचारलं.

"साहेबानं नाई बुजवलं, सर. बाईसाहेबानं बुजवलं. मी नवा नवा लागलो होतो तवाची गोष्ट. ह्याच खोलीत बसत त्या, मशीनवर शिवत."

"काहून?" 'का?'च्या जागी माझ्या तोंडून वऱ्हाडीच आलं.

"म्हनत, मले तिकडचं समदं ऐकू येते. साहेब समद्यायशी बोलते, माह्याशीच बोलत नाई. मंग दार कायले पाह्यजे? साहेब दौऱ्यावर गेलते, तवा मिस्त्री बलावला अन् एका दिवसात बुजवून टाकलं."

"मग साहेब आल्यावर काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? त्यायले समजलंच नाई. त्यायच्या आंगानं कपाट होतं. दोन सालानं बदली होऊन गेले, तरी समजलं नाई."

तो कप घेऊन गेला. मी त्या विटांपुढे बसून राहिलो. ती बाई कोण, कुठली, आता आहे की नाही, मला काही माहीत नाही. पण तिचा नवरा दोन वर्षं त्या कपाटासमोर बसून लोकांशी बोलत होता, आणि मागचं दार गेलंय हे त्याला कळलं नाही, ही गोष्ट डोक्यातून जाईना. वाटलं, आपण गेलो तर हिला कधी कळेल? मी मनाशी हिशेब केला. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं असतं, मी बरेचदा लवकर झोपलेला असतो. दोन दिवस, मी म्हटलं. दोन दिवस तरी लागतील.

हा बालिशपणा होता. कळत होतं, तरी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोळाच्या दाराची कडी लागली, तशी मी पिशवीत दोन कपडे टाकले आणि मागच्या फाटकानं बाहेर पडलो. कुणाला सांगितलं नाही. स्टँडवर पुसदची गाडी उभीच होती. खिडकीशी बसलो. बाहेर शेतं नांगरून तयार पडलेली, ऊन मी म्हणत होतं. आपल्याला कुणी अडवलं नाही याचं फार वाईट वाटत होतं, आणि अडवणार कोण, कुणाला माहीतच नव्हतं.

गाडी दिग्रसच्या स्टँडवर थांबली होती तेव्हा फोन वाजला. बारासुद्धा वाजले नव्हते. तिचा बैठकीतून कधी फोन येत नसे.

"कुठी हायेत तुम्ही?"

मी पिशवी मांडीवर ओढली.

"सकाळपासून रेघेवर ओरडले नाई तुम्ही. बरं नाई का? शिपायाले पाठवलं त खोलीत कोनी नाई म्हने."

मला एक सवय आहे, ती इथे सांगायला हवी. रेघ काढताना मी रेघेला रागावतो. वर्गात पोरांना म्हणायचो तेच, "वाकडी! खोड, परत काढ." शाळा सुटली तरी ते सुटलं नाही. एकट्यानं बोर्डावर बसलो की दिवसभर चालू असतं, माझं मलाही कळत नाही.

"तुला ऐकू येतं ते?" मी विचारलं.

"येत नाई त काय? माह्या खुर्चीच्या पाठीमांगंच त असता तुम्ही. समोरच्यायले नाई येत, मले येते. सालभर ऐकून राह्यली."

"मग कधी बोलली नाहीस?"

"बोलली असती त तुम्ही ओरडणं बंद केलं असतं." मग जरा थांबून, अगदी हळू, "कोनी डोकं खाल्लं का मी मनात म्हनते, सर हायेत मांगं. कुठी हायेत तुम्ही, सांगा ना."

दिग्रसचं स्टँड माझ्या डोळ्यांसमोर धूसर झालं. शेजारच्या बाई माझ्याकडे पाहायला लागल्या. वर्षभर मी समजत होतो की मी तिला ऐकतो आहे. ती मला ऐकत होती हे माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. मी उतरलो आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत गेलो.

दार झालं नाही. व्हायला नको होतं हे मलाही पटलं. फक्त गिलावा करायला आलेल्या कामगारांना मी हात जोडून परत पाठवलं, विटा तशाच राहू दिल्या. पहिले काही दिवस मला ओरडताच येईना, कुणी ऐकतंय म्हटल्यावर वाकडी रेघ मी मुकाट्यानं खोडायचो. मग सवय झाली. दुपारी तिकडचा सूर चढला, कुणी फारच हुज्जत घालतंय असं वाटलं, की मी मुद्दाम एखाद्या रेघेला जोरात झापायचो. जरा वेळानं तिकडचा सूर खाली यायचा. संध्याकाळी ती दमलेलीच यायची, बोलायची थोडंच, पण त्या थोड्यात 'काहून' परत आलं होतं. आयुष्यातले ते माझे सुखाचे महिने. मोजून सात.

मग बदली झाली. बंगला सोडताना शिपायानं विचारलं, "सर, ह्या इटायचं काय?" नवे साहेब येणार होते, बरोबर त्यांची बायको. मी म्हटलं, राहू द्या. पण मला माहीत आहे, बांधकामवाल्यांनी त्याच आठवड्यात गिलावा करून चुना मारला असणार.

आता आम्ही यवतमाळला आहोत, लोहाऱ्याच्या बाजूला, सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर. नकाशा म्हणून पाहिलं तर या घरात खोड काढायला जागा नाही. सगळ्या खोल्या एकमेकींत उघडतात, कुठल्याच दाराला बाहेरून कडी नाही. मला बोर्डासाठी उत्तरेकडची खोली आहे, भरपूर उजेडाची. तिचं ऑफिस गावात, दूर, नव्या इमारतीत. ती नऊला जाते आणि आठला येते. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही आहे. पहिले दोन दिवस मी रेघांवर ओरडलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ऐकायला कोणी नाही, आणि तोंड आपोआप बंद झालं. दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दार उघडंच असतं आणि येत कुणी नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "तिथं खुर्चीमांगं नुसती काच हाये. दिवसभर पाठ थंडी पडते." मी 'हं' म्हटलं.

काल अकराला तिचा फोन आला.

"फोन टेबलावर ठेवा. माह्याशी बोलू नका, लोक बसून हायेत. तुम्ही रेघा काढा."

"आणि तुझ्याकडचं?"

"माह्याकडचा आवाज बंद करून ठेवते. इकडचं तुम्हाले ऐकाचं नाई."

तेही बरोबरच होतं. फोनवर एकदा टक् झालं आणि पलीकडे सगळं शांत झालं. पूर्वी निदान तिचा सूर यायचा, आता तोही नाही. ती ऐकते आहे की फाइलीत बुडाली आहे, कळायला काही मार्ग नाही. मी फोन बोर्डाच्या कडेला उभा केला. कागद लावला, पट्टी धरली आणि एक लांब रेघ ओढली. अगदी सरळ आली.

"वाकडी!" मी फोनला ऐकू जाईल असं ओरडलो. "खोड, परत काढ."